पैसे कटले पण पावतीचं पेज गेलं, कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट पक्का सेव्ह कसा करायचा?

पांदण_रस्ता

नमस्कार सगळ्यांना. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात फॉर्म भरून द्यायचं काम करते, म्हणजे स्कॉलरशिप, परीक्षेची फी, पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जे येईल ते. अडचण अशी हाय की फी भरली का पैसे कटल्याचं एक पेज येते, त्याच्यावर ट्रान्झॅक्शन नंबर असते, अन ते पेज काही सेकंदात आपोआप दुसरीकडं जाते, नाहीतर सेशन एक्सपायर म्हणते, नाहीतर नेमकी तेव्हाच लाईन जाते. मग पोर्टलवर फी पेंडिंग अन माणसाच्या खात्यातून पैसे गेलेले.

आत्ता एका बाईच्या पोरीची परीक्षेची फी अशीच अडकली. ती बाई कापूस वेचायले जाते, त्या दिवशीची मजुरी सोडून आली होती बिचारी. हेल्पलाईनवाले म्हणतात की तारीख, वेळ अन नंबर दिसंल असा स्क्रीनशॉट पाठवा. मी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला होता तर त्यात नुसत्या रंगीत लाईनी लाईनी आल्या, नंबर वाचता येत नाही म्हणून त्यांनी परत पाठवला. लोक माझ्या भरोशावर पैसे देतात, मले त्यांच्यापुढं असं उभं राहावं वाटत नाही, म्हणून विचारते.

माझ्याकडं दुकानात जुना डेस्कटॉप हाय विंडोज ७ चा, अन घरचा लॅपटॉप विंडोज १० चा. दोन्हीवर प्रिंट स्क्रीन बटन दाबून पाहिलं, काहीच होत नाही, ना आवाज ना फोटो. भावाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ हाय, तिथं तेच बटन दाबलं तर स्क्रीन काळी होऊन वर काहीतरी पट्टी येते. हे एकच बटन वेगळ्या जागी वेगळ्या तऱ्हेनं काहून वागते? अन फॉर्मचा प्रिव्ह्यू लांबलचक असते, एका स्क्रीनमध्ये बसत नाही, त्याचा पूर्ण फोटो एकाच वेळी निघते का? कोणाले माहीत असंल तर बारीकसारीक सांगा, मी बसून करून पाहीन.

वऱ्हाडी_कीबोर्ड

ताई तुमचं बटन चांगलं हाय, बिघडलेलं नाही. प्रिंट स्क्रीन दाबलं का पूर्ण स्क्रीनचा फोटो निघते पण तो फाईल होऊन कुठं जात नाही, तो क्लिपबोर्डात म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीत जाऊन बसते, गुपचूप. तुमाले वाटते काहीच झालं नाही. आता पेंट उघडा, कंट्रोल अन व्ही दाबा, फोटो समोर येते, मंग कंट्रोल अन एस दाबून सेव्ह करा. विंडोज ७ वर हाच रस्ता हाय. अल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं तं फक्त समोरची खिडकी येते, मागचा सारा पसारा येत नाही.

पण तुमच्या कामात ह्याच्यात एक मोठी खोट हाय. मेमरीतला फोटो लाईन गेली का गेला. डेस्कटॉपले बॅटरी नसते, यूपीएस असला तरी आपल्या इकडच्या यूपीएसची बॅटरी कितीक दिवस टिकते ते तुमाले माहीतच हाय. दुसरं म्हणजे तुम्ही मध्येच काही दुसरं कॉपी केलं, कोणाचा आधार नंबर नाहीतर नाव, तरी आधीचा फोटो त्या जागेवरून निघून जाते. म्हणून फोटो काढला का पहिलं काम पेंटमध्ये टाकून सेव्ह करायचं, मंगच माऊस दुसरीकडं न्यायचा.

विंडोज १० च्या लॅपटॉपवर विंडोजचं बटन धरून प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन एक क्षणभर अंधारल्यासारखी होते, ती झाली म्हणजे फोटो सरळ डिस्कवर सेव्ह झाला, पिक्चर्समध्ये स्क्रीनशॉट्स नावाचं फोल्डर असते त्यात. पेंट नाही, पेस्ट नाही, काहीच नाही. हे विंडोज ८ पासून आलं, २०१२ साली, म्हणून तुमच्या सातवाल्यावर चालत नाही. काही लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन हे दुसऱ्याच बटनाच्या पोटात लिहिलेलं असते, तिथं संगं एफएन बटनही धरा लागते. पैशाच्या कामाले माझं मत एकच हाय, जी पद्धत एका दाबात डिस्कवर लिहिते तीच वापरजा, बाकीच्या पद्धती मंग फुरसतीत शिकजा.

जिल्हा_परिषदवाले_गुरुजी

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी शिक्षक आहे, शाळेचे ऑनलाईन फॉर्म आणि शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे पुराव्याच्या बाजूने थोडं सांगतो, कारण स्क्रीनशॉट निघाला आणि तो तक्रारीत चालला ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुष्कळ जण विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटनं दाबून तेवढाच हिरवा डबा कापून घेतात, ज्यात सक्सेसफुल लिहिलेलं असतं. दिसायला छान दिसतं, पण त्यावरून ते पेज कोणत्या वेबसाईटचं आणि कधीचं हे कळत नाही. तक्रारीसाठी पूर्ण स्क्रीनच घ्यावी, म्हणजे वर ब्राउझरमधला पत्ता दिसतो, मध्ये अर्ज क्रमांक, रक्कम आणि ट्रान्झॅक्शन नंबर, आणि खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि तारीख. ह्या सगळ्या गोष्टी एका फोटोत आल्या की समोरच्याला पुन्हा प्रश्न विचारायला जागा राहत नाही. ब्राउझर एफ११ दाबून फुल स्क्रीन केलेला असेल तर आधी तो नेहमीसारखा करा, नाहीतर पत्ताही जातो आणि घड्याळही जातं.

आणि घड्याळावरून आठवलं, तुमचा डेस्कटॉप जुना आहे ना, त्याची तारीख बरोबर राहते का ते बघा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा गोल सेल असतो, तो संपला की लाईन गेल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते. मग स्क्रीनशॉटमध्ये चुकीची तारीख येते आणि तो पुरावा म्हणून कोणी धरत नाही. शिवाय तारीख चुकली की पुष्कळ वेबसाईटी सुरक्षित कनेक्शन नाही म्हणून उघडतच नाहीत आणि आपण नेटवाल्याला दोष देत बसतो. घड्याळाच्या दुकानातही तो सेल मिळतो, एकदा बदलून घ्या.

दुसरं असं की पावतीचं पेज थोडा वेळ टिकणारं असेल तर स्क्रीनशॉटनंतर लगेच कंट्रोल आणि पी दाबून प्रिंटरच्या जागी सेव्ह ॲज पीडीएफ निवडा. विंडोज १० मध्ये पीडीएफचा प्रिंटर आतच आहे आणि क्रोममध्ये तर विंडोज ७ वरही ही सोय चालते. पीडीएफमधून नंबर कॉपी करता येतो, एकेक आकडा पाहून टाईप करावा लागत नाही. पण पीडीएफच्या भरवशावर स्क्रीनशॉट सोडू नका, काही पोर्टलवर प्रिंट काढली की अर्धं पान कोरं येतं. आणि पैसे कटल्याच्या पेजवर रिफ्रेश किंवा बॅक चुकूनही दाबू नका, आधी फोटो, मग बाकी सगळं.

त्या मुलीच्या फीबद्दल, फोटो नसला तरी हातपाय गाळू नका. पैसे यूपीआयने गेले असतील तर ज्या मोबाईलवरून भरले त्या ॲपच्या हिस्टरीत १२ अंकी रेफरन्स नंबर असतो, बँकेच्या मेसेजमध्येही बहुतेक असतोच. तो नंबर आणि अर्ज क्रमांक मिळून तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, त्यानुसार यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे देताना खात्यातून कटले पण समोर पोचल्याचं कळलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. त्या ताईंना हे सांगा, त्यांचा जीव थोडा खाली पडेल.

पांदण_रस्ता

गुरुजी खरंच धन्यवाद, त्या बाईच्या घरच्या मोबाईलमध्ये मेसेज पाहिला, त्यात १२ आकडी नंबर सापडला, आजच तक्रार टाकते. भरपाईचं तर मले काहीच माहीत नव्हतं.

आता लॅपटॉपवर विंडोज अन प्रिंट स्क्रीन दाबून पाहिलं. स्क्रीन अंधारली बरोबर, पण पिक्चर्समध्ये पाहिलं तर स्क्रीनशॉट्सचं फोल्डरच दिसत नाही. फोटो गेले कुठं? अन पेज आपोआप पळते त्याचं काय करायचं, बोट बटनावर ठेवून बसलं तरी कधीकधी हुकते.

हिंगणघाट_रिपेअर

ताई मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, ही फोल्डर हरवल्याची तक्रार माझ्याकडे बरेचदा येते. तुमच्या लॅपटॉपवर वनड्राईव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं फायली नेटवर साठवायचं ॲप, चालू असेल. सेटअप करताना ते विचारते की तुमचे फोल्डर बॅकअप करू का, आपण घाईत हो म्हणून पुढे जातो अन मग पिक्चर्सचं फोल्डर वनड्राईव्हच्या आत जाऊन बसते. फाईल एक्सप्लोरर उघडा, डाव्या बाजूला निळा ढग दिसेल, त्याच्या आत पिक्चर्स, अन त्याच्या आत स्क्रीनशॉट्स. फोटो तिथंच असतील.

आता ते तिथं राहू द्यायचे का हा तुमचा विचार आहे पण मी तर बंदच करून देतो. एक तर फुकटात ५ जीबीच जागा मिळते, ती भरली की रोज सूचना येत राहतात, दुसरं म्हणजे गावातलं नेट मोबाईल हॉटस्पॉटवर चालते अन प्रत्येक फोटो वर चढताना डेटा खातो, अन तिसरं जास्त महत्त्वाचं, त्या फोटोत लोकांचे आधार अन बँकेचे नंबर असतात, ते आपल्या मर्जीशिवाय कुठं चढायलाच नको. घड्याळाजवळच्या ढगावर राईट क्लिक करून सेटिंगमध्ये जा, तिथं बॅकअपमधून पिक्चर्स काढून टाका, अन स्क्रीनशॉट आपोआप सेव्ह करायची एक टिक असते तीही काढा. काढल्यावर जुने फोटो ढगातच राहतात, ते हाताने इकडं आणून घ्या.

भावाच्या विंडोज ११ चं असं आहे, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बदल केला, आता नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की स्निपिंग टूल, म्हणजे स्क्रीनशॉट काढायचं विंडोजमधलंच ॲप, उघडते, तीच ती पट्टी. त्यात चौकोन, खिडकी, पूर्ण स्क्रीन असं निवडता येते. जुन्यासारखं पाहिजे असेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथं हे बटन स्निपिंग टूलला जोडल्याचा स्विच आहे तो बंद करा. विंडोज अन प्रिंट स्क्रीन मात्र अकरावर पण तसंच चालते, थेट सेव्ह. एक फरक ध्यानात ठेवा, विंडोज, शिफ्ट, एस ने काढलेला फोटो अकरावर आपोआप स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पडतो पण दहावर तो नुसता क्लिपबोर्डात जातो, कोपऱ्यात सूचना येते तिच्यावर क्लिक करून स्वतः सेव्ह करावा लागतो. दहावरचे लोक इथंच फसतात, त्यांना वाटते सेव्ह झाला.

पळणाऱ्या पेजसाठी फोटोच्या मागे लागूच नका, व्हिडिओ काढा. विंडोज १० वर क्रोमची खिडकी समोर ठेवून विंडोज, अल्ट अन आर दाबा, रेकॉर्डिंग चालू होते, परत तेच दाबलं की बंद. फाईल व्हिडिओजमध्ये कॅप्चर्स नावाच्या फोल्डरात जाते. हे मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी दिलेलं आहे पण आपल्या कामाला एकदम फिट बसते. अकरावर स्निपिंग टूलमध्येच व्हिडिओचं चिन्ह आहे. पे बटन दाबायच्या आधी चालू करा अन पोर्टलचं शेवटचं पेज येईपर्यंत चालू राहू द्या. मग तो व्हिडिओ चालवून ज्या क्षणी नंबर दिसतो तिथं थांबवा अन त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पण त्यात ओटीपी अन कार्डाचा नंबर पण येतो, म्हणून काम झालं की त्या माणसासमोरच व्हिडिओ डिलीट करायचा, रिसायकल बिनमधून पण. जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कमजोर असेल तर हे रेकॉर्डिंग चालूच होत नाही, एकदा रिकाम्या वेळी तपासून ठेवा, फी भरायच्या वेळी नाही.

सातवाल्या डेस्कटॉपसाठी स्टेप्स रेकॉर्डर नावाची एक चीज आतच आहे, स्टार्टमध्ये पीएसआर ही तीन अक्षरं इंग्रजीत टाका. ते चालू केलं की माऊसच्या प्रत्येक क्लिकला एक फोटो, तारीख अन वेळेसकट, अन शेवटी सगळं एका झिप फाईलमध्ये. आपण काय टाईप केलं ते लिहून ठेवत नाही. पेज आलं की रिकाम्या जागी एक क्लिक करायची, फोटो निघून जातो. पण स्टॉप करून सेव्ह केल्याशिवाय ते डिस्कवर येत नाही, त्यामुळे लाईनचा धोका तिथं पण आहेच. मायक्रोसॉफ्ट हे पुढे बंद करणार आहे म्हणून नवीन मशीनवर त्याची सवय लावू नका.

सालबर्डी_एक्सप्रेस

लांब पेजचं कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते, मी अमरावतीला शिकते, घर मोर्शीकडे. फायरफॉक्स ब्राउझर घ्या, कंट्रोल, शिफ्ट अन एस दाबा, वर कोपऱ्यात पूर्ण पेज सेव्ह करायचं बटन येते, ते दाबलं की वरपासून खालपर्यंत सगळा फॉर्म एकाच फोटोत. फाईलच्या नावात तारीख, वेळ अन पेजचं नाव आपोआप येते, म्हणजे मागाहून शोधायला सोपं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही हीच तीन बटनं चालतात. क्रोममध्ये थोडं आडून जावं लागते, कंट्रोल, शिफ्ट, आय ने डेव्हलपरवाली खिडकी उघडायची, मग कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून इंग्रजीत स्क्रीनशॉट टाईप करायचं, यादीतलं फुल साईजवालं निवडायचं. अवघड वाटते पण हाताला बसते. फक्त ह्या पूर्ण पेजच्या फोटोत वरचा पत्ता अन घड्याळ येत नाही, त्यामुळे गुरुजी म्हणतात तसा एक पूर्ण स्क्रीनचा वेगळा घ्याच.

तुमच्या विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन आहे, जानेवारी २०२३ चं, त्यानंतर सातवर नवीन क्रोम येत नाही. मायक्रोसॉफ्टने तर विंडोज ७ ला अपडेट देणं जानेवारी २०२० मध्येच बंद केलं, अन विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ताई, लोकांचे बँकेचे व्यवहार त्या डेस्कटॉपवर करणं मला बरोबर वाटत नाही, स्पष्टच बोलते. टायपिंग, फोटो छोटे करणं, प्रिंट काढणं त्याच्यावर करा अन पैशाचं काम लॅपटॉपवर.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते आधार झाकण्याबद्दल. आपल्याकडे लोक स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून विचारतात की ह्याचं काय करू, अन त्यात आख्खा आधार नंबर, खाते नंबर, पोरीचा फोटो सगळं उघडं. काही जण झाकतात पण हायलायटर पेनने झाकतात, तो पेन पारदर्शक असतो, कितीही वेळा फिरवला तरी फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात. अंधुक करणंही पुरेसं नाही. पेंटमध्ये चौकोन घ्यायचा, आत भरीव काळा रंग, अन तो नंबरावर ठेवायचा, बस. आधारचे शेवटचे ४ आकडे उघडे ठेवले तर चालते, आधारवाल्यांचं स्वतःचं मास्क्ड आधार पण तसंच असते.

अन कापलेला भाग खरंच कापला गेला का हे सुद्धा पाहायला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये एक मोठा दोष सापडला होता, आधी गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये अन मग विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये अन दहाच्या स्निप अँड स्केचमध्ये पण. फोटो कापून त्याच फाईलवर सेव्ह केला तर कापलेल्या भागाचा डेटा फाईलच्या शेपटीला तसाच राहायचा अन जाणकार माणूस तो परत काढू शकायचा. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, स्टोअरमधून ॲप अपडेट केलेलं असेल तर आता काळजी नाही, पण ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलेत त्यांनी कापून सेव्ह करताना नवीन नाव द्यावं. तेव्हाचे जुने कापलेले फोटो कोणाला पाठवायचे असतील तर पुन्हा नव्याने काढा.

अजून एक, नेटवर स्क्रीनशॉटची फुकट सॉफ्टवेअरं मिळतात. ग्रीनशॉट अन शेअरएक्स चांगली आहेत, दोन्ही ओपन सोर्स. पण लाईटशॉटमध्ये अपलोडचं बटन आहे, त्याने फोटो नेटवर चढतो अन छोटी लिंक मिळते, त्या लिंकमधली अक्षरं अंदाजाने बदलून दुसऱ्यांचे फोटो उघडल्याचं आधी झालेलं आहे. त्यावर कोणाची पावती चुकूनही चढवू नका.

पांदण_रस्ता

हायलायटरचं वाचून धक्काच बसला, आमच्या इकडं सगळे तसंच करतात. मी आजपासून सगळ्यांना सांगणार.

वनड्राईव्हमध्ये फोटो सापडले हिंगणघाटवाले दादा, बॅकअप काढून टाकला. फायरफॉक्सनं प्रिव्ह्यूचा पूर्ण फोटो निघाला, एकदम साफ. फक्त फाईल मोठी होते, तक्रारीच्या फॉर्ममध्ये ती चढत नाही, जास्त साईज म्हणते. अन व्हॉट्सॲपवर पाठवला तर बारीक अक्षरं फुटतात.

वऱ्हाडी_कीबोर्ड

स्क्रीनशॉट पीएनजीत सेव्ह होते ताई, त्यात अक्षराची कड कापल्यासारखी साफ राहते पण लांब पेजचा अन फोटोबिटो असलेला असला का वजन वाढते. पेंटमध्ये उघडून सेव्ह ॲजमध्ये जेपीजी करा, बरंच कमी होते. तरी जास्त असंल तं रिसाईजमध्ये टक्के कमी करा, पण एकदम खाली नका जाऊ, आधी ७५ करून पाहा अन नंबर वाचता येते का ते झूम करून पाहा. मूळ पीएनजी मात्र कधीच मिटवू नका, जेपीजीले वेगळं नाव द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मंग ते त्याले दाबत नाही, जशी फाईल तशी पोचते.

अन फाईलीचं नाव अर्ज क्रमांकानं ठेवजा. स्क्रीनशॉट एक, स्क्रीनशॉट दोन असं राहिलं तं परीक्षेच्या हंगामात कोणाची पावती कोणती ते शोधता शोधता संध्याकाळ होते.

कोराडी_पॉवर

सगळे मोबाईलच्या फोटोला नावं ठेवून राहिले पण माझं वेगळं मत आहे भाऊ. मशीन हँग झालं, माऊस हलत नाही, निळी स्क्रीन आली, तेव्हा कोणतंच बटन कामाचं नाही, तेव्हा मोबाईलच काढावा लागतो. विंडोज चालू व्हायच्या आधी काही एरर आला तरी तेच. त्या रंगीत लाईनी येतात त्या स्क्रीनच्या बारीक ठिपक्यांची जाळी अन कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर बसत नाही म्हणून. मोबाईल थोडा मागे न्यायचा, जरा तिरपा धरायचा अन झूम करून काढायचा, लाईनी बऱ्याच कमी होतात. स्क्रीनचा उजेड कमी करा अन पंख्याखालची ट्यूबलाईट स्क्रीनवर चमकत असेल तर बंद करा. माझं म्हणणं एवढंच की ताईंनी आधी बटन दाबावं अन हात रिकामा असेल तर मोबाईलने पण एक काढून ठेवावा, मोबाईलला लाईन लागत नाही.

जिल्हा_परिषदवाले_गुरुजी

कोराडीवाल्यांशी मी सहमत आहे, निळ्या स्क्रीनला दुसरा इलाजच नाही. फक्त तो फोटो फी भरणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलने काढला तर जास्त बरं, म्हणजे त्याचा पुरावा त्याच्याकडेच राहतो आणि आपल्या गॅलरीत लोकांची माहिती साठत नाही.

आमच्या शाळेच्या एका कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबुंटू नावाची सिस्टिम आहे, कोणाकडे असेल तर सांगून ठेवतो. तिच्या २२.०४ आणि त्यापुढच्या व्हर्जनमध्ये प्रिंट स्क्रीन दाबलं की पट्टी येते, शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की पूर्ण स्क्रीन लगेच, आणि अल्टबरोबर फक्त खिडकी. फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्येच पडतात, क्लिपबोर्डातही जातात, त्यामुळे दोन्ही कामं होतात.

पांदण_रस्ता

तक्रार दिली, १२ आकडी नंबर टाकला, त्यांनी तक्रार क्रमांक दिला. त्याचाही स्क्रीनशॉट काढला, पत्ता, तारीख, वेळ सगळं दिसते असा, अन त्या बाईच्या पोराच्या मोबाईलवर डॉक्युमेंट करून पाठवला. पैशाचं काम आता लॅपटॉपवरच करते.

एकच शेवटचं विचारते. डेस्कटॉपच्या कीबोर्डचं प्रिंट स्क्रीन बटन कधी दबते कधी नाही, धूळ बसली असंल. नवीन कीबोर्ड यवतमाळले गेल्यावर आणीन, तोपर्यंत काय करू? अन स्निपिंग टूल दर वेळी स्टार्टमध्ये शोधत बसा लागते.

हिंगणघाट_रिपेअर

सातवर स्टार्टमध्ये इंग्रजीत ओएसके टाका, स्क्रीनवरच कीबोर्ड येतो, त्यात प्रिंट स्क्रीनचं बटन माऊसने दाबता येते. लॅपटॉपवर तोच कीबोर्ड विंडोज, कंट्रोल अन ओ ने येतो. फक्त फोटोत तो कीबोर्ड मध्ये येणार नाही ना ते एकदा काढून पाहा, येत असेल तर खाली कोपऱ्यात सरकवून ठेवा, पण घड्याळ झाकू नका.

स्निपिंग टूलवर राईट क्लिक करून टास्कबारला पिन करा अन ओढून सगळ्यात डावीकडे पहिलं आणा. मग विंडोज बटन धरून १ दाबलं की ते उघडते, सातवर पण अन दहावर पण. कीबोर्ड काढून उलटा करून आपटा थोडा, बटनांच्या फटीत ब्लोअर मारा. आपल्या इकडच्या उन्हाळ्याच्या धुळीने बटनं अशीच अडकतात, पुष्कळदा तेवढ्याने चालू होते.